तिसऱ्या मजल्यावरचे अकरा

झुलेखानं नकाशा परत आणून टेबलावर ठेवला तेव्हा अकराचा आकडा तसाच होता. त्याभोवती शामलाबाईंनी काढलेलं लाल वर्तुळ तसंच होतं, आणि शेजारी त्यांच्या तिरक्या इंग्रजी अक्षरातला शेरा, पुन्हा मोज. मुलीनं खाडाखोड केली नव्हती. "मोजलंस का गं?" शामलाबाईंनी विचारलं. वर्गात इंग्रजी, पण मधल्या सुट्टीत या मुलीशी त्या मराठीत बोलत, आणि ती अर्धं इंग्रजीत उत्तर देई. "येस मिस. ट्वाइस." "पलंग सहा लिहिलेस. माणसं अकरा. पलंग दुमजली आहेत का?" "नो मिस, साधेच." "मग बाकीचे पाच झोपतात कुठं?" झुलेखानं त्यांच्याकडे बघितलं, समजूतदार मूल मंद मोठ्या माणसाकडे बघतं तसं. "त्याच पलंगावर, मिस. दे टेक टर्न्स. सकाळचे आले की रात्रीचे उठतात. मग ते झोपतात. गादी गरमच असते म्हणतात." एवढं बोलून ती डब्यातली पोळी खायला पळाली, आणि शामलाबाई लाल पेन हातात धरून बसून राहिल्या.

एकतीस वर्षांत त्यांनी चुकीला बरोबर म्हटलं नव्हतं असं नाही. दमलेल्या संध्याकाळी पंचेचाळीस वह्या तपासताना कुणाचं होत नाही? पण हे वेगळं होतं. इथं बरोबर आकड्याभोवती त्यांनी वर्तुळ काढलं होतं, आणि ते काढताना त्यांना क्षणभरही शंका आली नव्हती. पलंग सहा म्हणजे माणसं सहा. असं गणित आपल्या डोक्यात कुणी घातलं? कुवेतमधल्या हवल्ली भागात दोन खोल्यांत त्या आणि वीणा नावाची नर्स राहत होत्या, दोन पलंग, दोन माणसं. नऊ वर्षं या देशात राहून आपल्याला एवढंच दिसलं. खिडकीबाहेर मैदानावर पांढरं ऊन सपाट पडलं होतं आणि मुलं भिंतीच्या हातभर सावलीत ओळीनं उभी राहून खात होती. अकरा. त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. आकडा तोंडात खड्यासारखा लागला.

सगळं सुरू झालं होतं दीड पानाच्या धड्यावरून. नववीच्या पुस्तकात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची अमेरिका दीड पानात उरकली होती. लाखो स्थलांतरित आले, कारखाने वाढले, समाजसुधारकांनी सुधारणा घडवून आणल्या. असल्या वाक्यांचा शामलाबाईंना मनापासून राग होता. घडवून आणल्या म्हणजे काय? सकाळी उठून, चहा पिऊन, घडवून आणल्या? त्यांनी पुस्तक मिटलं आणि खडू घेऊन पहिल्या बाकावरच्या मुलाच्या निळ्या स्वेटरवर एक अक्षर काढलं. बोटीतून उतरलेल्या माणसांच्या कोटावर बंदरातले डॉक्टर असं अक्षर काढत, त्यांनी सांगितलं. डोळे खराब, छाती खराब, चाल खराब. अक्षर आलं की वेगळी रांग, कदाचित परतीची बोट. मुलगा हसला, मग हसायचा थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, मिस, आमच्या अंकलना एक्स-रेत स्पॉट आला, सेंट बॅक. त्यानंतर वर्गाला काही वेगळं शिकवावं लागलं नाही. पोलादाच्या भट्ट्या, कत्तलखाने, बारा-बारा तास कपडे शिवणाऱ्या मुली. मुलं ऐकत राहिली, शेजारच्या गल्लीतली हकिकत ऐकावी तशी. शेवटी त्यांनी शिकागोतल्या बायकांची गोष्ट सांगितली. गरीब वस्तीत घर घेऊन राहिलेल्या शिकलेल्या बायका. त्यांनी भाषणं नंतर केली, आधी दारोदार जाऊन विचारलं. कुठून आलात, काय मिळतं, काम काय करता. आणि मिळालेली उत्तरं रंगांनी नकाशावर भरली, घरामागून घर. गरिबी आहे असं सगळेच म्हणत होते, त्यांनी ती कुठल्या दारामागे आहे ते दाखवलं. "आपण करू या?" त्यांनी विचारलं होतं. बावीस मुलं अब्बासिया या भारतीयांच्या वस्तीत राहत. प्रत्येकानं आपली इमारत करायची ठरली. एका घरात एक कुटुंब असेल तर पिवळा, दोन असतील तर निळा, पलंगांपेक्षा माणसं जास्त असतील तर लाल. भिंतीवर बावीस कागद जोडून लागले तेव्हा लाल चौकोन एकच होता. झुलेखा महबूब परकार, तिच्या इमारतीचा तिसरा मजला, उजवीकडचं दार, सफाई कामगारांचा फ्लॅट.

बाकीच्या एकवीस इमारतींत खरंच नव्हतं, की बाकीच्यांना त्यांच्या आयांनी गप्प केलं होतं? हा प्रश्न त्यांना आत्ता पडला. आणि प्रश्नाबरोबर, नको असताना, सोलापूर आलं. गिरणीच्या वाइंडिंग खात्याबाहेरचा कट्टा, कापसाच्या तुसानं पांढऱ्या झालेल्या बायका, आणि मुंबईहून आलेली एक चष्म्याची बाई, हातात जाड वही. शामला आठ वर्षांची होती, आईच्या पदराचं टोक तिच्या मुठीत. बाईनं मऊ आवाजात विचारलं, किती तास काम असतं? आईनं बाईकडे बघितलं नाही, बाईच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या नायकिणीकडे बघितलं, खात्यातल्या बायकांना कामावर घेणारी आणि काढणारी ती. "नऊ," आई म्हणाली. अंधारात घर सोडणारी, दिवे लागल्यावर परतणारी आई. शामलानं पदर ओढला. तिला मोजता येत होतं, घड्याळ कळत होतं, तिला त्याचा अभिमान होता. आईनं पदर सोडवून घेतला. बाईनं नऊ लिहिलं, पुढच्या बाईकडे गेली. रात्री आई म्हणाली, खरं सांगितलं असतं तर उद्या काय खाल्लं असतंस, घड्याळ? आईवर राग धरण्याजोगं त्यात काही नव्हतं, हे शामलाबाईंना पुढे कळलं. पण इतिहास शिकवताना, छापील अहवालांतले आकडे फळ्यावर उतरवताना, कितीदा तरी त्यांचा हात अडखळला होता. कुठल्यातरी कचेरीच्या कपाटात तो नऊ अजून असेल. त्यावरून कुणी सरासरी काढली असेल. कुणी ती परीक्षेत लिहून गुण मिळवले असतील.

बुधवारी शेवटच्या तासाला त्यांना प्राचार्यांनी बोलावलं. प्राचार्य केरळचे, सभ्य, घसा साफ करून बोलणारे. खोलीत उदय प्रधान बसले होते. उदय प्रधानांना कुवेतमधलं प्रत्येक मराठी माणूस ओळखत असे. गणपतीच्या वर्गणीपासून नाटकाच्या तालमीपर्यंत ते पुढे, साफसफाईची कंत्राटं घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीत माणसांच्या खात्याचे अधिकारी, शाळेच्या समितीवर, आणि त्यांचा मुलगा शामलाबाईंच्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर. "बाई, या या," ते उठून म्हणाले. "तुमचं पोरांना फार वेड हो. आमचा चिरंजीव घरी आला तो म्हणे, पप्पा, तुमच्या फ्लॅटचा नकाशा भिंतीवर लागलाय, रेड कलरमध्ये. आता तो फ्लॅट कंपनीचा. माणसं सहा. माझ्याकडे यादी आहे." त्यांनी खरोखरच यादी काढली. सहा नावं, टाइप केलेली. "मुलांची कल्पनाशक्ती. मी काही तक्रार म्हणून नाही आलो." "मग कशासाठी आलात?" शामलाबाईंनी विचारलं. प्राचार्यांनी घसा साफ केला. टेबलावर दोन कागद होते. एक पत्र, त्यात असं की सदर माहिती विद्यार्थिनीनं कल्पनेनं लिहिली, शिक्षिकेनं तपासलेली नाही, आणि विद्यार्थिनी शनिवारी प्रार्थनेच्या वेळी माफी मागेल. दुसरा कागद शामलाबाईंच्या नोकरीच्या नूतनीकरणाचा. त्यांचा पासपोर्ट प्राचार्यांच्या मागच्या लोखंडी कपाटात होता, सगळ्या शिक्षकांचे असत तिथंच, आणि इथं राहण्याचा परवाना, इकामा, महिनाअखेर संपत होता. प्राचार्य हिंदीत म्हणाले, मॅडम, किसी एक की गलती तो लिखनी पड़ेगी, बच्ची की या आपकी. त्यांचा आवाज दुःखी होता. शामलाबाईंना तो दुःखी आवाज फार ओळखीचा वाटला, त्या रात्री आईचा होता तसा. "आकडा चुकला असेल," त्या म्हणाल्या, "तर मोजायला चला की. उदयराव, तुमचीच जागा. किल्ली असेल तुमच्याकडे." उदयराव मोठ्यानं हसले. "बाई, तुम्ही म्हणजे अगदी हाडाच्या शिक्षिका. शनिवारी सकाळी सही करा, विषय संपला. त्या परकारची इस्त्रीची टपरी आमच्याच इमारतीखाली आहे. त्याचंही उगाच काही व्हायला नको." हे त्यांनी दार उघडून धरता धरता, अगदी सहज सांगितलं.

संध्याकाळी वीणा ड्यूटीवरून येऊन पाय पाण्यात सोडून बसली होती. तिनं सगळं ऐकलं. "शामलाताई, सही करून टाका. पोरीचं काय, शनिवारी सॉरी म्हणेल, रविवारी विसरेल." "ती विसरणार नाही." "तुम्हाला कसं माहीत?" शामलाबाईंनी तिच्याकडे टॉवेल सरकवला. वीणानं पाय बाहेर काढून पुसले. "आणि समजा नाही केली सही. सोलापूरला जाऊन करणार काय? पुतण्यानं तुमची खोली भाड्यानं दिलीय म्हणालात ना?" "हो." "मग?" "मग त्याला सांगावं लागेल रिकामी कर म्हणून." वीणा हसली, मग चिडली. "तुम्ही ना, कुणाला तरी धडा शिकवायला निघालात." धडा कुणाला शिकवायचा नव्हता. शामलाबाईंना साधी भीती वाटत होती. छप्पन्नाव्या वर्षी पेटी बांधून उतरायचं, लोकांच्या नजरा, काय झालं हो तिकडे. आणि त्या भीतीच्या बरोबर शेजारी दुसरं काहीतरी होतं, हट्टी मुलासारखं पाय रोवून उभं. आपण मुलांना सांगितलं, जा आणि मोजा. एका मुलीनं जाऊन मोजलं. बाकी सगळ्या जगाचं काय व्हायचं ते होवो, तिला आपण उठून खोटी म्हणायचं? आणि ती पुन्हा कधी काही मोजेल?

गुरुवारी शाळा लवकर सुटे. त्या हवल्लीला न जाता मुलांच्या बसमध्ये बसल्या आणि अब्बासियात उतरल्या. झुलेखाच्या वडिलांचं, महबूबचं, दुकान म्हणजे जिन्याखालची पोकळी, एक टेबल, एक वजनदार इस्त्री, आणि ओळीनं टांगलेले हिरवे गणवेश. शामलाबाईंना बघून त्यानं इस्त्री उभी केली आणि घाम पुसला. त्याचं रत्नागिरीत शिकलेलं धडधडीत मराठी झुलेखाच्या इंग्रजीपेक्षा त्यांना नेहमी जास्त कळे. "बाय, परधानसाहेब येऊन गेले," तो म्हणाला. "झुलेखाची आई कालपासून रडत्येय. म्हणत्येय, पोरीला मापी मागू दे. मी काय बोलू?" "तुम्हाला काय वाटतं?" "मला?" त्यानं हिरव्या गणवेशांकडे हात केला. "पोरीनं मोजलंन ते खरं हाय. कापडं माज्याकडंच येतात. पण खरं हाय म्हणून पोट भरत नाय, बाय." त्या वाक्यानंतर शामलाबाईंना काही क्षण दुसरं काही ऐकूच आलं नाही, कारण तेच त्यांनी आधी, आठव्या वर्षी, आईच्या तोंडून ऐकलेलं होतं. "मी पोरीचं नाव मध्ये ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "मी मोजते. माझ्या डोळ्यांनी. मग जो आकडा असेल तो माझा. तुम्ही वर आला नाहीत तरी चालेल." महबूबनं इस्त्रीची वायर काढली. "चार वाजता बस येत्ये. तवा समदे असतात. चला, दार मी ठोकतंय. बाईमाणूस बघून घाबरतील."

दार उघडलं तसा कोंदट, ओल्या मोज्यांचा, कांद्याचा आणि उदबत्तीचा वास आला. अर्धी माणसं नुकती आलेली, अर्धी निघायच्या तयारीत, कुणी पंचा गुंडाळून, कुणी हिरव्या पँटीचा पाय घालता घालता थबकलेला. पलंग सहा. गाद्यांवर चादरी नव्हत्याच म्हणण्यासारख्या, प्रत्येक उशीला दोन खोळी, एक दिवसाची, एक रात्रीची, एवढीच काय ती वाटणी. महादेव नावाचा उस्मानाबादकडचा एक माणूस पुढं झाला, पन्नाशीचा, मिशा पिकलेला. "झुलीची बाई का? या. बसा. कुठं बसता आता, आमीच पाळीनं बसतो." सगळे हसले. "जनगणना हाय का बाई? राकेलबिकेल मिळंल का?" पुन्हा हसू. शामलाबाईही हसल्या, आणि मग त्यांना दुसरं काही सुचलं नाही म्हणून, सवयीनं, त्या खोलीच्या मध्यभागी उभ्या राहून म्हणाल्या, "हात वर करा बघू सगळ्यांनी." आणि त्या मोठ्या माणसांनी हात वर केले. आंध्रातला एक होता, त्याला महादेवानं खुणावलं, त्यानंही केला. खरबरीत, साबणानं सोललेले तळवे. त्यांनी बोटानं एकेक मोजला, वर्गात मोजत तशा, डावीकडून उजवीकडे. अकरा. मुलीचं गणित बरोबर होतं. त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की डोळे भरून येतील की काय अशी धास्ती वाटली. त्या वळल्या तर दारात एक माणूस उभा होता. तिशीचा असेल, कृश, हातात बादली. गच्चीवरून आला होता. दारावर अनोळखी थाप पडली की तो गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागे जातो, हे नंतर महादेवानं सांगितलं. "मोजनी झाली का?" त्यानं विचारलं. "झाली." "मला बी धरा की."

महादेव त्याला म्हणाला, "गप ए. तुजा कागद न्हाई, तुला धरून कुनाचं भलं?" "म्हनूनच की," तो म्हणाला. त्यानं बादली खाली ठेवली. तो बोलला ते शामलाबाईंकडे बघून नाही, उशांकडे बघून बोलला. कंपनीनंच आणलं. तीन वर्षं झाली, इकामा होतोय, होतोय. काम मात्र आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. हिरवा गणवेश दुसऱ्या कुणाच्या नावाचा. आजारी पडला तर दवाखान्यात जाता येत नाही, बाहेर पडला तर शिपाई विचारतो. "कागदावर म्या अजून आलोच न्हाई बाई. बायकू पत्रात इचारती, कुटं हायसा. काय लिवू?" शामलाबाईंनी सावकाश सांगितलं, शिकवताना सांगत तसं, एकेक पायरी. हा कागद कंपनीचा माणूस बघेल. तो विचारेल. त्रास होईल. "मुकादमाला ठावं हाय म्या हितं हाय ते. त्यानंच ठिवलंय." "तरीपण. विचार करा." "केलाय. तीन साल त्योच करतुया." मग त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "नाव नगं लिवू. पर आकड्यात धरा. कुटंतरी असू द्या, की हितं अजून एक हुता." त्यांनी त्याचं नाव विचारलं नाही. खाली कंपनीच्या बसनं भोंगा दिला, पाच जण चपला शोधायला धावले, आणि खोलीतले पलंग एकेक करून भरू लागले.

शुक्रवार कसा गेला ते त्यांना आठवलं नाही. त्यांनी डोक्यावरून न्हाऊन घेतलं, वह्या तपासल्या, वीणाच्या गाउनाचं बटण लावून दिलं. मनात काही ठरवण्यासारखं उरलं नव्हतं, आणि तरीही मन राहून राहून दारापर्यंत जाऊन येत होतं, पेटीत काय काय मावेल, नववीचा उरलेला भाग कोण शिकवेल, नवीन बाई दीड पान दीड पानातच संपवील. आकड्यात धरा. मोजणं म्हणजे वरून बघणं असं त्या समजत आल्या होत्या. चष्म्याच्या बाईनं वरून बघितलं, शिकागोच्या बायकांनीही कदाचित थोडं वरूनच. कुणी आपण होऊन दारात उभं राहून मला मोजा म्हणेल हे त्यांच्या एकतीस वर्षांच्या कुठल्याच टाचणात नव्हतं. त्या माणसाला भीती नव्हती असं नाही. तीन वर्षं तो टाक्यांमागे लपत होता.

शनिवारी प्रार्थनेआधी प्राचार्यांच्या खोलीत तेच तिघं होते. भिंतीवरून काढलेला झुलेखाचा नकाशा टेबलावर, पत्र त्याच्या शेजारी, नूतनीकरणाचा कागद जरा लांब, दिसेल असा. उदय प्रधानांनी आपलं पेन उघडून पुढे केलं. "बाई, काय ठरलं?" "आकडा चुकलाय," शामलाबाई म्हणाल्या. "अहो, तेच तर मी म्हणत होतो. मुलांचं चालायचंच." प्राचार्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पत्र पुढे सरकवलं. शामलाबाईंनी पत्राला हात लावला नाही. त्यांनी नकाशा ओढून घेतला, अकरावर एक सरळ रेघ मारली, वर बारा लिहिलं, आणि त्याखाली, सावकाश, फळ्यावर लिहीत तशा गोल अक्षरात, गुरुवार, दुपारी चार, स्वतः मोजले. मग पूर्ण नाव लिहून सही केली. उदयरावांनी वाकून आकडा बघितला. "बारावा कोण?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे अकरा तुम्हाला ठाऊक होते," शामलाबाई म्हणाल्या. "तुमच्या यादीत सहाच आहेत." उदयरावांची मान लाल झाली. प्राचार्य आतापर्यंत शामलाबाईंकडेच बघत होते. त्यांनी आता हळूच मान वळवून उदय प्रधानांकडे बघितलं, मग त्या टाइप केलेल्या यादीकडे. "सर," शामलाबाई त्यांना हिंदीत म्हणाल्या, "बच्ची का नाम इसमें कहीं नहीं है. गिनती मेरी है." "बाई, हे महागात जाईल," उदयराव मराठीत, खालच्या आवाजात म्हणाले. "इथल्या मराठी मंडळात तुम्हाला कुणी उभं करणार नाही. आणि महिनाअखेर..." "महिनाअखेरीला सोळा दिवस आहेत," शामलाबाई म्हणाल्या. "तेवढ्यात दोन धडे होतात. मला काढायचं असेल तर कारण लेखी द्या, नकाशाची नक्कल जोडून." प्राचार्यांनी नूतनीकरणाचा कागद उचलला. त्यांनी त्यावर सही केली नाही आणि फाडलाही नाही. खण उघडून आत ठेवला आणि खण हातानं दाबून धरून बसले, तो आपोआप उघडेल अशी भीती असल्यासारखे. शामलाबाईंनी नकाशा घडी न घालता, दोन्ही हातांत सपाट धरला आणि त्या बाहेर पडल्या.

वर्गात त्यांनी तो त्याच्या जागी लावला. प्रार्थनेहून मुलं आत आली. आज माफी मागायची आहे असं घरून ऐकून आलेली झुलेखा वेणी चावत होती, आणि मागायला कुणी बोलावलंच नाही म्हणून अधिकच घाबरलेली होती. तिनं भिंतीकडे बघितलं आणि ताडकन उभी राहिली. "मिस, दॅट्स नॉट फेअर. मी अकरा बरोबर मोजले होते." "अगदी बरोबर मोजलेस. तुझ्या आकड्याभोवती मी वर्तुळ काढलं ती माझी चूक," शामलाबाई सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. दुसऱ्या बाकावर प्रधानांचा मुलगा वहीत डोकं घालून बसला होता. त्याच्याकडे त्यांनी मुद्दाम बघितलं नाही, त्याचा यात काही अपराध नव्हता. "मी गेले तेव्हा आणखी एक जण भेटला. म्हणाला, मलाही मोजा." "हू?" "त्यानं नाव सांगितलं नाही." झुलेखानं थोडा विचार केला. घाबरणं तिच्या चेहऱ्यावरून सरकलं आणि तिथं कामाची आठी आली. "मग रेड अजून डार्क करू का, मिस?" सबंध वर्ग शामलाबाईंकडे बघत होता. दाराच्या काचेतून बाहेर कुणीतरी उभं असल्याची सावलीही दिसत होती.

"कर," त्या म्हणाल्या. "सावकाश भर. रेघेबाहेर जाऊ देऊ नकोस."